वारावर जेवणारे यंत्र

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या गावाच्या गळ्यात कोणी बांधली ते देव जाणे. जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच, असा तिचा सरळ अर्थ. इतरत्र ज्यांचे काही जमले नाही ती माणसे शेवटी इथे येऊन टेकतात, अशी बाहेरच्यांची समजूत असावी. आम्ही परभणीकर ही म्हण हौसेने सांगतो आणि लगेच 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही दुसरी म्हण पुढे करून फिटंफाट करून टाकतो. माणसांचे जाऊ द्या. पण यंत्रांच्या बाबतीत ती पहिली म्हण निदान माझ्या घरापुरती तरी खरी आहे. जगात ज्यांना कोणी विचारीत नाही असे दोन संगणक गेली वीस वर्षे माझ्या माडीवर मुक्कामाला आहेत.

घरातल्या मंडळींनी त्यांना आपापल्या परीने नावे ठेवली आहेत. सूनबाई त्यांना 'मामंजींच्या ट्रंका' म्हणते, नातू 'डायनासोर' म्हणतो, आणि भंगारवाला दर दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास दारावरून जाताना मान वर करून 'सर, वो निकालना है क्या?' एवढे विचारून जातो. यंदा मी त्याला सांगितले, 'नाही बाबा, यंदा ते कामावर लागले आहेत.' त्याने गाडी थांबवली, माझ्याकडे दोन क्षण पाहिले आणि एक शब्दही न बोलता तो पुढे गेला. म्हाताऱ्या मास्तराचे काही खरे नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेले होते. तेव्हा ही हकीगत एकदा नीट सांगून टाकावी हे बरे.

हे संगणक मूळचे आमच्या कॉलेजातले. मी तिथे गणित शिकवीत असे. १९९४ साली कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा निघाली आणि गणिताच्या मास्तराला आकडे कळतात, म्हणजे संगणकही कळत असणार, या न्यायाने ती माझ्या गळ्यात पडली. एक मोठे यंत्र, त्याला सर्व्हर म्हणत. आणि त्याच्या भोवती तारेने जोडलेली आठ लहान यंत्रे. पहिल्या दिवशी एक लहान यंत्र उघडून पाहिले तो आत हार्ड डिस्कच नाही! ज्या डब्यात संगणकाची सगळी विद्या साठवायची तो डबाच बनवणाऱ्याने घातला नव्हता. मला वाटले, आपण फसलो. पण जोडणीला आलेल्या पोराने समजूत घातली, की सर, हे असेच असते. डिस्क महाग. आठ ठिकाणी आठ घेण्यापेक्षा सर्व्हरमध्ये एक मोठी घ्यायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर गुजराण करायची. शिवाय पोरांनी घरून आणलेल्या फ्लॉपीतला व्हायरस बसायला जागाच राहत नाही, हा वरकड फायदा.

त्या काळी देशभरच्या कॉलेजांत आणि शिकवणीच्या वर्गांत हीच तऱ्हा होती. नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही प्रणाली सर्व्हरवर, आणि भोवताली बिनडिस्कच्या यंत्रांची पंगत. जाड काळी तार एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेसारखी ओवलेली असे. दोन्ही टोकांना पन्नास ओमचे बोंड लावावे लागे. मधल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या पायाने जोड सैल झाला की अख्खी माळ बंद! मग 'कोणाचा पाय लागला?' या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत तास संपून जाई.

आता तुम्ही म्हणाल, ज्याच्या पोटात काहीच नाही ते यंत्र सुरू तरी कसे होते? संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात आणि त्या शब्दाचा पायातल्या बुटाशी खरोखरच संबंध आहे. आपल्याच बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलायचे, अशी इंग्रजीत एक अशक्य गोष्टीची म्हण आहे. तिच्यावरून तो आला. संगणकाची अडचण नेमकी तीच असते. काम करायला प्रोग्रॅम हवा. पण डिस्कवरून प्रोग्रॅम उचलून आणायचा तर त्यासाठीही एक प्रोग्रॅम हवा! म्हणून एवढासा आरंभापुरता प्रोग्रॅम एका चिपेत कायमचा कोरून ठेवतात. तो डिस्कवर जातो, तिथून मोठा प्रोग्रॅम आणतो आणि बाजूला होतो.

डिस्कच नसलेल्या यंत्राने काय करायचे? त्याने वार लावून जेवायचे.

वार लावून जेवणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आमचे वडील निजामाच्या राज्यात शिकायला हैदराबादेला गेले तेव्हा त्यांच्याजवळ दोन धोतरे आणि एक तांब्या एवढाच संसार होता. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात दिवसांची सात घरे त्यांनी लावून घेतली होती. दारात उभे राहून नाव सांगायचे. आतून 'ये, बस' अशी हाक आली की पाटावर बसायचे. विद्येची सगळी इमारत त्या सात घरांच्या अन्नावर उभी राहिली. बिनडिस्कचा संगणक थेट हेच करतो. फरक इतकाच, की आमचे वडील दारात उभे राहून आपले नाव सांगत, आणि या बिचाऱ्याला स्वतःचे नावही माहीत नसते.

ही अतिशयोक्ती नाही. त्याच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक कोरलेला असतो. जन्मखूण म्हणा ना! तेवढी एक त्याला ठाऊक. वीज आली की ते तारेवर सर्वांना उद्देशून हाक घालते: 'माझी जन्मखूण अशी अशी आहे. माझे नाव काय आणि माझे अन्न कोणाकडे आहे, ते कोणी सांगेल का?' अमेरिकेत या हाकेची रीत ठरत गेली, तिच्या पायऱ्या सालवार सांगता येतात. १९८१ साली तुकड्या-तुकड्यांनी फाइल देण्याचा साधासुधा नियम ठरला, तो टीएफटीपी. १९८४ साली जन्मखुणेवरून पत्ता विचारण्याची रीत आली. सप्टेंबर १९८५ मध्ये बूटपी नावाच्या नियमाने पत्त्याबरोबरच 'तुझी फाइल अमुक घरी, अमुक नावाने आहे' हेही एकाच उत्तरात सांगण्याची सोय केली. १९९३ साली त्यातूनच डीएचसीपी जन्मला. तुमच्या घरातला मोबाइल वायफायला जोडला जातो तेव्हा तो आजही हेच विचारतो. म्हणजे वाचकहो, तुम्ही खिशात घेऊन हिंडता त्या चकचकीत यंत्रालाही घरात शिरताना 'माझा पत्ता काय?' असे विचारावे लागतेच. आमच्या डायनासोरला नाव ठेवण्यापूर्वी नातवाने हे लक्षात घ्यावे.

कॉलेजातल्या आठ यंत्रांपैकी एकाची मात्र ऐट निराळी होती. त्याला सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह होता आणि आत 'जिस्ट' कार्ड बसवलेले होते. हे कार्ड म्हणजे त्या काळातला चमत्कार. त्याचा आरंभ कानपूरच्या आयआयटीत झाला आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथून ते कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचले. डॉसच्या इंग्रजी पडद्यावर ते चक्क मराठी उमटवी. या यंत्रासाठी माझी थोरली बहीण, आमची अक्का, परभणीला येऊ लागली.

अक्का गंगाखेड तालुक्यातल्या खेड्यांतून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत असे. गोदाकाठच्या त्या गावांत शेतकऱ्यांची, त्यांच्या बायकांची बोली तिने वर्षानुवर्षे वह्यांत टिपून ठेवली होती. कोणी सांगितले म्हणून नव्हे. शाळेतल्या पोरांच्या तोंडचे शब्द पुस्तकात सापडत नाहीत, ही तिची तक्रार होती, आणि तक्रारीवर तिने स्वतःच काढलेला हा इलाज होता. रुमणे म्हणजे नांगराची मूठ, चाडे म्हणजे पेरताना ज्यात बी सोडतात ते तिफणीवरचे भांडे, शिवळ म्हणजे जुवाची खुंटी; असे हजारो शब्द, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या वाक्यात ऐकला ते वाक्य. ट्रॅक्टर आले, विहिरींवर मोटारी बसल्या, तशी ती वस्तूही जाणार आणि शब्दही जाणार, हे तिला दिसत होते. १९९६ च्या मे महिन्यापासून तीन वर्षे, मेच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे येई, ओस पडलेल्या प्रयोगशाळेत त्या यंत्रापुढे बसे आणि एकेक बोट मोजून टाकीत वह्या उतरून काढी. अक्षरक्रमाने, एका सुट्टीची एक फ्लॉपी. सहा सुट्ट्या, सहा फ्लॉप्या.

पुढे जे व्हायचे तेच झाले. सर्व्हरची डिस्क एके दिवशी खर्र असा आवाज करून कायमची बसली. त्यावरची नक्कल गेली. अक्काच्या घरी वह्यांच्या पेटीला वाळवी लागली. २००४ साली प्रयोगशाळा मोडीत निघाली तेव्हा मी दोन यंत्रे वजनावर विकत घेतली, त्यांपैकी एक जिस्ट कार्डाचे. फ्लॉप्या अक्काने जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या. 'पुढेमागे बघू' असे आम्ही दोघेही म्हणालो. या 'पुढेमागे बघू'ने जगातली जितकी कामे बुडवली आहेत, तितकी आळसानेही बुडवली नसतील.

गेल्या वर्षापासून अक्का माझ्याकडेच असते. तिचे वय चौऱ्याऐंशी आणि विसरण्याचा आजार. सकाळी उठली की पलंगावर बसून विचारते, 'हे कोणाचं घर आहे? मी इथं कशी आले?' सूनबाई सांगते, 'अक्का, हे बापूंचं घर. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण.' तेवढे ऐकले की तिचा दिवस सुरू होतो. चहा घेते, तुळशीला पाणी घालते, पेपर वाचते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पण एक प्रश्न ती दिवसातून दोन-तीनदा न चुकता विचारी: 'बापू, माझे शब्द कुठं ठेवलास रे?'

आता मला 'पुढेमागे' म्हणायला जागा उरली नाही.

सव्वापाच इंची फ्लॉपी वाचण्यासाठी आता नवी उपकरणे निघाली आहेत, हे मला माहीत आहे; पण त्यांनाही जुना ड्राइव्ह लागतोच. तो माझ्या यंत्रात होता, आणि अक्काला तिचे शब्द तिने टाकले तसेच दाखवणारे कार्डही त्याच यंत्रात होते. तेव्हा त्यालाच उठवायचे ठरले. धूळ झटकली, वीज दिली. पंखा फिरला, स्मृती मोजून झाली, आणि पडद्यावर एक ओळ उमटून यंत्र स्वस्थ बसले. ते सर्व्हरला हाका मारीत होते. ज्या सर्व्हरला मरून वीस वर्षांच्या वर झाली त्याला! नेटवर्क कार्डावरच्या चिपेत नॉव्हेलची जुनी भाषा कोरलेली. तिला दुसरे काही येत नव्हते. मी पडद्याकडे पाहत थोडा वेळ तसाच बसून राहिलो, हे कबूल करतो.

तेव्हा पहिले काम ती चिप पुसून नवी भाषा लिहिणे. या जुन्या चिपांच्या डोक्यावर गारेच्या काचेची लहानशी खिडकी असते. आत अतिनील प्रकाश पाडला की लिहिलेले पुसले जाते. त्यासाठी खास दिवा मिळतो, त्याच्याखाली वीसेक मिनिटांत काम होते. दिवा माझ्याजवळ नव्हता. पण चिप बनवणाऱ्यांच्याच पुस्तिकांत म्हटलेले असते, की खिडकी उघडी ठेवून थेट उन्हात ठेवाल तर साधारण आठवड्यात चिप पुसली जाईल. उन्हाची परभणीला काय कमतरता! मे महिना होता. सूनबाईने माळवदावर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांच्याच कडेला एका बशीत मी चिप ठेवली. आठ दिवस कुरडया आणि चिप शेजारी-शेजारी वाळल्या. नवव्या दिवशी वाचून पाहिली तो प्रत्येक घरात एकच एक! पुसलेल्या चिपेची हीच खूण. तिच्यावर मी ईथरबूट नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि खिडकीवर कागदाची पट्टी डकवली. नाही तर परभणीचे ऊन खिडकीतूनही यायचे.

दुसरे काम अन्नदात्याची नेमणूक. नातवाजवळ पत्त्यांच्या जोडाएवढा एक रास्पबेरी पाय संगणक होता. त्याच्यावर डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम बसवला, आणि एका डॉसच्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल फाइल करून ठेवली. जुन्या कार्डाला सुदैवाने दोन तोंडे होती: एक काळ्या तारेचे गोल आणि एक हल्लीच्या तारेचे चौकोनी. त्यामुळे हल्लीचीच तार चालली.

पहिल्या रात्री यंत्र मुके राहिले. संगणक सुरू होताना कार्डावरच्या चिपा शोधायला निघतो, तेव्हा ठरलेल्या पत्त्यांवर दोन ठरावीक खुणा आहेत का ते पाहत जातो. त्या दिसल्या, बेरीज जुळली, तरच चिपेला बोलू देतो. माझ्या चिपेला आणि जिस्ट कार्डाला मी एकाच पत्त्यावर बसवून ठेवले होते. कार्डावरची एक बारीक टोपी काढून पलीकडच्या खुंट्यांवर बसवली आणि भांडण मिटले.

दुसऱ्या रात्री ते बोलले. हाक घातली, उत्तर आले, पत्ता मिळाला, आणि तिथेच अडकले. हे का होते ते समजायला मला चार दिवस लागले. घरात इंटरनेटचा डबा आहे. तोही पत्ते वाटतो. आमच्या यंत्राची हाक त्याने आधी ऐकली आणि लगबगीने सांगितले, 'हा घे पत्ता.' पण फाइल कुठे आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. 'ये, बस' म्हणून पाटावर बसवले आणि ताट काही वाढले नाही, अशातली गत! वार लावताना एका दिवशी एकच घर असावे, हा आमच्या वडिलांचा नियम मला आठवला. मग मी जुन्या यंत्राची आणि त्या चिमुकल्या संगणकाची तार घराच्या नेटवर्कपासून वेगळी केली. दोघांचेच जग. एकाने मागावे, दुसऱ्याने द्यावे.

तिसऱ्या रात्री साडेअकरा वाजता पडद्यावर ठिपके उमटू लागले.

हे ठिपके कसले ते सांगतो, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकारातली शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. टीएफटीपीचा नियम असा, की फाइल एकदम ओतायची नाही. पाचशे बारा अक्षरांचा एक घास द्यायचा आणि थांबायचे. घेणारा म्हणतो, 'पहिला मिळाला.' मग दुसरा. 'दुसरा मिळाला.' मग तिसरा. ठराविक वेळात पोच आली नाही तर देणारा रागावत नाही, पुढेही जात नाही. तोच घास पुन्हा देतो. आजच्या वेगापुढे ही रीत फार संथ, म्हणून हिशेबी लोक तिला हसतात. पण ती इतकी साधी आहे, की एवढ्याशा चिपेतही मावते. माझी फाइल म्हणजे चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार पाचशे साठ अक्षरे. भागून पाहा, बरोबर दोन हजार आठशे ऐंशी घास होतात. आई लेकराला चिऊचा घास, काऊचा घास करीत भरवते तसे ते दोन हजार आठशे ऐंशी घास त्या चिमुकल्या संगणकाने आपल्यापेक्षा कितीतरी थोराड अशा म्हाताऱ्या यंत्राला भरवले. दहा-बारा सेकंदांत भरवले, हे खरे. पण मला ते सेकंद फार लांब वाटले. आणि मग कोपऱ्यात डॉसची ती ओळखीची खूण लुकलुकू लागली. बनी तो बनी! नातवाने एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली, की खालून सूनबाई काठी घेऊन वर आली.

पुढचे काम जपून करण्याचे होते. नेटवर्कवरून आलेली फ्लॉपी खऱ्या फ्लॉपीच्याच जागेवर ऐसपैस बसलेली असते. तिला उठवून खऱ्या ड्राइव्हला त्याची जागा द्यावी लागते. अक्काच्या फ्लॉप्यांवर पांढरट बुरशी धरली होती. एकेक वाचायची, ड्राइव्हचे डोके पुसायचे, पुन्हा वाचायची. जे वाचले जाई ते डॉससाठी लिहिलेल्या एमटीसीपी या प्रोग्रॅमने लगेच तारेवरून बाहेर काढायचे. असे आठवडाभर चालले. सहांपैकी चार फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या. एक अर्धी. आणि 'त' पासून 'न' पर्यंतची एक गेली ती गेलीच. तिच्यावरचा लेप बुरशीबरोबर निघून आला.

हाती आलेल्या फाइली नव्या संगणकावर वाचता येतात का, ही शंका होती. ती खोटी ठरली. जिस्ट कार्ड जो संकेत वापरी, त्याला भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्यता दिली. 'इस्की' त्याचे नाव. युनिकोडमधली देवनागरी त्याच घराण्यातली आहे. इस्कीत 'क' म्हणजे १७९, युनिकोडमध्ये २३२५; क्रम बव्हंशी तोच. नातवाने एका संध्याकाळी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून सगळे शब्द बदलून दिले. ते आता मोबाइलवरही दिसतात. तेव्हा ज्यांच्या कपाटात १९९० च्या दशकातल्या मराठी फ्लॉप्या पडून असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत त्या टाकून देऊ नयेत, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो. बुरशी मात्र कोणासाठी थांबत नाही.

पण अक्काला मी मोबाइल दाखवला नाही. तिला हाताला धरून माडीवर नेले आणि त्या जुन्या यंत्रापुढे बसवले. जिस्ट कार्ड चालू होते. फाइल पडद्यावर दाखवण्याची डॉसची साधी आज्ञा दिली आणि काळ्या पडद्यावर तिची अक्षरे वर सरकू लागली. ती बराच वेळ पाहत राहिली. मग बोट ठेवून वाचले, 'चाडं.' आणि माझ्याकडे वळून, वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, 'चाड्यावर मूठ ज्याची चांगली, त्याचं रान चांगलं उगवतं. लिहिलंस का?'

'तूच लिहिलंयस, अक्का.'

'मी? कवा?'

आता रोज संध्याकाळी आमचा एक तास ठरलेला आहे. यंत्र सुरू करायचे, ठिपके उमटेपर्यंत थांबायचे आणि पडद्यावर शब्द आणायचे. ती वाचते, कधी नुसती पाहते. 'त' पासून 'न' पर्यंतचे गेलेले शब्द तिच्याकडून पुन्हा मिळवता येतील का, असा एक लोभ मला सुटला. पहिल्या आठवड्यात मी तिला एकदम दहा गोष्टी विचारी. खळ्यात मधे खांब रोवतात त्याला काय म्हणतात? विहिरीवर मोट रिकामी होते त्या जागेला काय म्हणतात? ती गोंधळे, रडवेली होई आणि म्हणे, 'मला घरी जायचंय.' माझ्यातला मास्तर मग चिडे. एका रात्री हे असेच झाल्यावर मी माडीवर गेलो, यंत्र सुरू केले, ठिपके मोजत बसलो, आणि माझी मलाच लाज वाटली.

तेव्हापासून एका वेळी एकच शब्द विचारतो. विचारतो आणि थांबतो. उत्तर आले तर लिहून घेतो आणि 'मिळाला, अक्का' म्हणतो. नाही आले तर रागावत नाही, पुढेही जात नाही. दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा. 'तिवडा' सहाव्या दिवशी आला. 'थारोळं' यायला तीन आठवडे लागले. तेही माडीवर नव्हे, चहा पिताना. कप खाली ठेवून म्हणाली, 'मोटेचं पाणी थारोळ्यात पडतं की रे. तू काय विचारायलास केव्हाचं?'

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत एकेचाळीस शब्द जमले होते. मूळ फ्लॉपीवर किती होते ते अक्काला आठवत नाही आणि मला विचारायची गरज वाटत नाही. त्या संध्याकाळी तिने मान वर करून मला विचारले, 'तू कोण रे?'

'मी बापू. तुझा धाकटा भाऊ.'

तिने मला एकदा नीट न्याहाळले. मग पलंगावर बाजूला सरकून जागा करून दिली. 'बस,' म्हणाली, 'जेवलास का?'